इनिशदाराच्या किटलीतलं पाणी

मी किटली बोलतेय.

बटण दाबलं की गुरगुरते आणि मिनिटात गप्प होते, ती नव्हे हां. मी बिडाची. काळी, ढेरपोटी, वर जाड कडी, पुढे बदकाच्या मानेसारखी तोटी. काठोकाठ भरली तर मला दोघांनी उचलावं लागतं. आयर्लंडच्या पश्चिमेला, समुद्रात, इनिशदारा नावाचं एवढंसं बेट आहे. तिथल्या गावच्या हॉलमध्ये चुलीवरच्या आकड्याला मी लटकलेली असते. बेटावर माणसं थोडी, मेंढरं जास्त, आणि वारा सगळ्यांत जास्त.

तुम्ही म्हणाल, आयरिश किटली आणि मराठी कशी बोलते? तर शोभनाबाई नावाची एक बाई आहे. कोकणातली. भांड्यांशी बोलल्याशिवाय तिचा स्वयंपाक होत नाही. "तापलीस का गो बाय?" "जरा दम धर, दूध येतंय." "अशी फुरंगटू नको, घासते तुला." दर उन्हाळ्यात असं कानावर पडलं तर दगडालाही भाषा येईल, मी तर धातू. शाळा मी पाहिली ती समोरच्या खिडकीतून. अक्षर मला येत नाही. पण एकदा ऐकलेलं मी विसरत नाही. तेव्हा घ्या बसून, सांगते.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात लालभडक रस ओतला, तो निवला, आणि मी झाले. माझ्यासारख्याच कितीतरी बहिणी त्या दिवशी निघाल्या. कुणाच्या नशिबी शेतकऱ्याचं घर आलं, कुणाच्या नशिबी खाणावळ. मला जत्रेतून विकत घेतलं ते या बेटावरच्या एका बाईने. आत्ता आमच्या हॉलचं चहापाणी सांभाळणारी ब्रीज आहे ना, ऐंशीची, पांढऱ्या केसांची, तिची ती आजी.

बेटावर यायला तेव्हा होडी असायची ती लाकडी फासळ्यांवर डांबर फासलेलं कापड ताणून केलेली. पाण्यावर पान तरंगावं तशी हलकी. अर्ध्या वाटेवर एक लाट अशी आली की होडीत गुडघाभर पाणी! तेव्हा त्या बाईने मला उचललं आणि भराभरा पाणी उपसायला सुरुवात केली. बघा, घेतली चहासाठी आणि पहिलं काम दिलं समुद्र बाहेर फेकायचं.

काठाला लागल्यावर तिने मला चुलीवर टांगलं आणि घरात सगळ्यांना बजावलं, "हिने आपल्याला आणलंय. आता आपलं माणूस समुद्रावर असेल तोवर हिचं पोट रिकामं करायचं नाही."

तोच पुढे सगळ्या बेटाचा रिवाज झाला, आणि मी घरातून हॉलमध्ये आले. होडी बाहेर गेली की माझ्यात पाणी ठेवायचं. लागेल तेवढं वापरायचं, पण अर्धं ठेवून वर ताजं घालायचं. तुम्ही नाही का विरजणाला थोडं दही मागे ठेवता, तसं. माणूस परत आलं की दारातच त्याच्या हातात गरम कप. मग उरलेलं पाणी ओतून, मला घासून पालथी घालायची.

तुमच्यात म्हणतात ना, जीव भांड्यात पडला. ते भांडं म्हणजे मी. किती जणींचे जीव माझ्यात पडलेत याची मोजदाद नाही. वादळात दाराशी उभ्या राहिलेल्या बाया, आणि मग लांबून होडीचं टोक दिसलं की एकदम सगळ्यांना आठवायचं, अगं, किटली ठेवा, किटली!

लग्नं पाहिली मी. फरशी हादरेल असे नाच पाहिले. मयताच्या घरी रात्रभर उकळत राहिले. आणि एक गंमत पाहिली. या लोकांना चहा विचारला की आधी नाही म्हणतात. दुसऱ्यांदा विचारलं की "उगाच तुम्हाला त्रास" म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं की दोन कप पितात. एकदाच विचारून थांबणारा माणूस इथे वाईट वळणाचा समजतात.

अमेरिकेला जाणारी पोरंही पाहिली. "परत येतो" म्हणून जायची. त्यांच्यासाठी पाणी ठेवायचे कितीतरी दिवस. मग एखाद्या सकाळी कुणाची तरी आई यायची, मला उचलून बाहेर न्यायची आणि पाणी गवतावर ओतून टाकायची. त्या आवाजाएवढं मला दुसरं काही नकोसं वाटत नाही.

पुढे वीज आली, इंजिनाची बोट आली, आणि हॉलमध्ये एक स्टीलचा बॉयलर आला. उंच, चकचकीत, पोटाला नळ. नाकापेक्षा मोती जड! त्याची ऐट काय विचारता. तेव्हा हॉलच्या कमिटीतल्या कुणीतरी सुचवलं की या काळ्या किटलीला आता वारसा म्हणून काचेच्या पेटीत ठेवू, खाली माहितीची पाटी लावू.

ब्रीज उसळून म्हणाली, "पेटीतल्या किटलीतून चहा कोण पाजणार, तुझी पाटी?"

तो विषय तिथेच मिटला. चहा बॉयलरचा, पण आकड्यावर पाणी घेऊन मी, अशी आमची वाटणी झाली.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

ब्रीजचा मुलगा कोलम. बेटाची बोट तो चालवतो. त्याची बायको शीला, बेटाच्या शाळेची एकुलती एक बाई. हो, शीलाच. आयर्लंडमध्येही असतं ते नाव. त्यांची मुलगी ओर्ला. शाळेत ओर्ला धरून पोरं किती, तर एका बाकावर मावतील एवढी. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वरून निरोप आला, सप्टेंबरपर्यंत आणखी मुलं आली नाहीत तर शाळा बंद. शीलाची बदली पलीकडच्या मोठ्या गावात.

म्हणजे शीला जाणार. ओर्ला जाणार. बायकापोरं तिकडे म्हटल्यावर कोलम इथे कुठला राहतोय? आणि कोलम गेला की बोट गेली. मागे राहणार ब्रीज, चार म्हातारी माणसं आणि मी.

त्या दिवसांत मला घासता घासता ब्रीजचा हात मधेच थांबायचा.

शेवटी बेटाने जाहिरात दिली. शाळेजवळचं रिकामं घर देऊ, जलद इंटरनेट आहे, मुलं असलेलं कुटुंब पाहिजे. होड्यांच्या शर्यतीच्या दिवशी या आणि बेट बघून जा.

आणि त्या दिवशी बोटीतून उतरलं डब्लिनकडच्या ओंगारचं एक मराठी कुटुंब. सिद्धांत आणि चैत्राली, दोघंही कॉम्प्युटरवाले. सिद्धांतला महिन्यातून एकदा डब्लिनमधल्या चेरीवूडच्या ऑफिसात तोंड दाखवायचं, बाकी काम घरून. मोठी मुलगी स्वरांगी, धाकटा राजस. आणि मुलांना भेटायला दापोलीकडून आलेली सिद्धांतची आई, शोभनाबाई. ते राहत होते त्या घराच्या मालकाने घर विकायला काढलं होतं, सप्टेंबरात सोडायचं होतं, आणि दुसरं काही मिळत नव्हतं. म्हणून आले.

पण समुद्र त्या दिवशी खट्याळ होता. चैत्राली उतरली तीच बोट लागून, हिरवी होऊन. धक्क्यावरच खाली बसली. शोभनाबाई मात्र नऊवारीवर मुलाचं जॅकेट चढवून, वारा पीत, खाडीवरच्या होडीतून आल्यासारखी उतरली.

कोलमने हात पुढे करून आपलं नाव सांगितलं.

"कोलम?" शोभनाबाई मुलाकडे वळली. "अरे सिद्धांता, याच्या आईने याला तांदळाचं नाव ठेवलंन!"

"आई, हळू."

"त्याला कुठे समजतंय? चांगलं आहे हो. आंबेमोहोर नसला तरी कोलम काही वाईट नाही." पुढे शीलाची ओळख झाली, तर ती म्हणाली, "अगोबाई, हे तर आमच्या नणंदेचं नाव!"

तेव्हा मला यातलं अक्षर कळलं नव्हतं. आवाज तेवढे मनात राहिले, अर्थ पुढे लागला. आणि लागला तेव्हा झाकण उडेस्तोवर हसले मी.

घर पाहिलं. सिद्धांत प्रत्येक खोलीत "ग्रँड, ग्रँड" म्हणत होता. इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. ग्रँड म्हणजे ठीक आहे, चालेल, पुढे चला. चैत्राली खिडकीतून समुद्राकडे बघत होती.

शर्यती संपल्या. होड्या काठाला लागल्या. सगळं बेट चहासाठी हॉलमध्ये आलं, आणि बॉयलरने मान टाकली. एकदा खट्ट असा आवाज केला आणि गार पडला. मला किती वाईट वाटलं ते सांगायला नको. ब्रीजने लगेच चूल पेटवली आणि मला सरळ आगीवर घेतलं.

"कप प्रेसमध्ये आहेत," ती कुणाला तरी म्हणाली. इथे प्रेस म्हणजे भिंतीतलं कपाट.

स्वरांगीने आजीला तेवढाच शब्द पोचवला. "कप इस्त्रीवाल्याकडे दिलेत?" शोभनाबाई म्हणाली. "काय तरी रीत एकेक!"

मग ब्रीजने तिला चहा विचारला. शोभनाबाईने हात हलवून "नको नको" केलं. ब्रीजने पुन्हा विचारलं. "अहो कशाला, उगाच," शोभनाबाई म्हणाली. ब्रीजने तिसऱ्यांदा विचारलं आणि शोभनाबाई पदर खोचून उठली. "बरं, एवढं म्हणताय तर. थांबा, मीच करते." दोघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दोघींनाही समोरची बाई चांगल्या वळणाची आहे हे पटलं.

आणि तिने काय केलं? पिशवीतून आल्याचा तुकडा काढला, कपाने ठेचला आणि टाकला माझ्यात. मग साखर. मग मूठमूठ चहा. मग दूध. सगळं माझ्या पोटात!

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. कारण इथे किटलीत फक्त पाणी तापवायचं. चहा करायचा तो चिनीमातीच्या टीपॉटमध्ये, आणि दूध ज्याचं त्याने कपात घ्यायचं. किटलीत दूध घालणं म्हणजे देवळात चपला घालून शिरण्यापैकी. शीलाने तोंडावर हात ठेवला. ब्रीज उभी होती ती खुर्चीत बसली.

पण माझं ऐका. इतकी वर्षं चहाच्या घरात काढली, पण चहाची चव मला ठाऊक नव्हती. ती सगळी त्या टीपॉटची मिजास. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या अंगातून आल्याचा वास उठला, दूध फुगून झाकणाशी आलं, शोभनाबाईने "अगो अगो" म्हणून मला आगीवरून उचललं. मी नवी झाले हो!

ब्रीजने एक घोट घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने दुसरा घेतला. मग कप पुढे केला. कुणी न विचारता, पहिल्याच झटक्यात.

इकडे माझ्याशेजारच्या बाकावर चैत्राली नवऱ्याशी हळू आवाजात बोलत होती. "माणसं चांगली आहेत रे. पण मला नाही जमायचं. हिवाळ्यात चार-चार दिवस बोट नसते म्हणाला तो कोलम. राजसला ताप भरला तर मी काय करू? पोहत नेऊ?"

"ठीक आहे," सिद्धांत म्हणाला. "मग नको. सांगतो त्यांना."

सांगितलं कसलं! समोर शीला उभी राहिली तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "बघू. विचार करतो."

"बघू"चा अर्थ तुमच्याकडेही ठाऊक आहे आणि आमच्याकडेही. ब्रीजचा चेहरा मी पाहिला. ती कप विसळायला लागली, आणि धुतलेलेच कप परत धूत राहिली.

हॉलचं दार धक्क्याकडेच उघडतं, त्यामुळे पुढचं मला स्पष्ट दिसलं. सगळे बोटीत चढले. शेवटची शोभनाबाई. तिने ब्रीजचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "येते हां, बाय."

"काय म्हणाली गं तुझी आजी?" ब्रीजने स्वरांगीला विचारलं.

स्वरांगीला मराठी सगळी समजते, पण उत्तर द्यायची ती आयरिश हेल काढलेल्या इंग्रजीत. बोटीत उडी मारता मारता ती ओरडली, "शी सेड शीज कमिंग!"

बोट सुटली. ब्रीज लगबगीने आत आली, मला घासून स्वच्छ केलं आणि अर्धी भरून आकड्याला लावली.

"येतायत," ती शीलाला म्हणाली. "तो पोरगा 'बघू' म्हणाला, पण घरातल्या मोठ्या बाईने शब्द दिलाय. येते म्हणाली."

मोठ्या बाईच्या शब्दापुढे बेटावर कुणाचं चालत नाही. शीलाने वर कळवून टाकलं, दोन मुलं येत आहेत. शाळा बंद करायचं थांबलं. आणि मग काय गडबड! रिकाम्या घराला चुना लागला. चुलीसाठी शेणीसारखी वाळवलेली काळी माती इथे जाळतात, तिचा ढीग दाराशी रचून झाला. शाळेच्या ओसरीत कोट टांगायच्या खुंट्या असतात, प्रत्येक मुलाची एक. ओर्लाने दोन खुंट्या निळ्या रंगवल्या. रोज सकाळी ब्रीज माझ्यातलं पाणी ताजं करायची, दारातून समुद्राकडे एकदा बघायची आणि गुणगुणत कामाला लागायची. समुद्रावर कुणी नव्हतं, तरी मी भरलेली.

ऑगस्टात शीलाने ओंगारला फोन केला. तिथे काय झालं ते मला पुढे शोभनाबाईनेच सांगितलं, भांडी घासता घासता, तेही तीनदा.

शीलाने विचारलं, "राजसच्या खोलीला पिवळा रंग देऊ की हिरवा?"

चैत्रालीला काही कळेना. कळलं तेव्हा ती फोन ठेवून सासूसमोर येऊन उभी राहिली. "आई, तुम्ही त्या लोकांना काय सांगून आलात?"

"मी? मी कशाला काय सांगत्येय?"

"आपण येतोय असं सांगितलंत तुम्ही!"

"छे गो. मी नुसतं येते म्हटलं."

"बट यू डिड से इट, आजी," स्वरांगी म्हणाली. "यू सेड येते."

"मग निघताना काय जाते म्हणू? भरल्या घरातून? जाते कोण म्हणतं, तर..." शोभनाबाईने जीभ चावली. आणि मग तिच्या ध्यानात आलं. "अरे देवा. ती बाय वाट बघत्येय."

सिद्धांत म्हणाला, "मी एक छान मेसेज टाकतो. गैरसमज झाला, सॉरी म्हणून."

"फोनवर नको. तोंडाने बोललेलं तोंडानेच परत घ्यावं. मला तिथे ने." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या वाडीची शाळा मिटली ना, तशी पाठोपाठ वाडीच मिटली. आता गणपतीला कुलपं उघडतात, अनंत चतुर्दशीला पुन्हा लागतात. मला ठाऊक आहे ते कसं दिसतं."

शनिवारी सगळे निघाले.

त्या दिवशी समुद्र तेलासारखा शांत होता, तरी चैत्राली हिरवी झालीच. धक्क्यावर सगळं बेट जमलेलं. ओर्लाने स्वरांगीचा हात धरला आणि दोघी पळाल्यासुद्धा, खुंट्या बघायला. मोठी माणसं हॉलमध्ये आली. शोभनाबाई माझ्यासमोर उभी राहिली, मान खाली घालून.

"चैत्राली, मी बोलते तसं नीट सांग त्यांना. पोरीसारखं अर्धवट नको. म्हणावं, आमच्यात निघणारं माणूस जाते म्हणत नाही. जाणं हे मेलेल्याचं. जित्याने येते म्हणायचं. मी त्या रीतीने बोलले. तुम्ही खरं धरलंत. चूक माझी नाही नि तुमची नाही, पण तुमच्या जिवाला घोर लागला तो माझ्यामुळे."

चैत्रालीने एकेक वाक्य सांगितलं. शीला भिंतीला टेकली. कोलम टोपी काढून तिच्याकडेच बघत राहिला.

ब्रीज हसली. खरंच हसली हो. "छान रीत आहे," ती म्हणाली. "आमचीच आहे. आम्ही ती तोंडाने न बोलता किटलीने बोलतो, एवढाच फरक." मग ती उठली आणि तिने माझी कडी धरली. "मग आता हे पाणी ओतून टाकते."

"कसलं पाणी?" चैत्रालीने विचारलं.

शीलाने सांगितलं. समुद्रापलीकडचं माणूस येणार असेल तर किटली रिकामी करत नाहीत. "शर्यतीच्या दिवसापासून भरलेली आहे. तुमच्यासाठी. रोज ताजं करतात सासूबाई."

ब्रीज मला घेऊन दाराकडे निघाली. ऐंशीची बाई, आणि मी काही हलकी नव्हे. माझ्या पोटातलं पाणी हिंदकळत होतं. तो गवतावर पडणारा आवाज आता येणार म्हणून मी जीव मुठीत धरून होते. मला मूठ नाही, पण तुम्हाला कळलं.

"थांबा," चैत्राली म्हणाली.

ब्रीज थांबली.

"एक विचारू? खरं सांगा. वादळात माझ्या मुलाला ताप भरला तर काय?"

ब्रीजने विचार करून सांगितलं. "नर्स आहे बेटावर. वारा असेल तरी कोलम बोट काढतो. फारच असेल तर हेलिकॉप्टर येतं. तेही नाही आलं, तर वाट बघावी लागेल. समुद्राच्या वतीने मी शब्द देणार नाही. पण तू एकटी बघणार नाहीस वाट. मी असेन, शीला असेल, ही किटली असेल."

चैत्रालीने राजसला जवळ ओढलं. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "मार्चमध्ये राजस तापला होता. तू चेरीवूडला होतास. मी दार उघडून उभी राहिले आणि मला कळेना, कुणाचं दार वाजवू. शेजारच्या बाईचं नावसुद्धा मला माहीत नाही रे."

तिने पुढे होऊन कडीच्या दुसऱ्या बाजूला हात घातला. दोघींनी मिळून मला उचललं आणि परत आकड्याला लावलं.

"चैत्राली?" सिद्धांत म्हणाला.

"घर सोडायचंच आहे. एक वर्ष राहू. उलट्या होतील तर होतील."

"आवळासुपारी देईन की तुला डबाभर!" शोभनाबाई डोळे पुसत म्हणाली.

सिद्धांत चारी बाजूंना बघून म्हणाला, "ग्रँड." या खेपेला त्याचा अर्थ भव्यच होता.

संध्याकाळी सामान आणायला ते परत निघाले. धक्क्यावर या वेळी चैत्रालीने ब्रीजचे हात हातात घेतले आणि मराठीत म्हणाली, "येते."

स्वरांगी भाषांतर करायला तोंड उघडणार तोच ब्रीज म्हणाली, "गप गं. मला ठाऊक आहे."

त्या एका वर्षाची आता तीन वर्षं झाली. शाळेची घंटा रोज माझ्या कानावर येते. निळ्या खुंट्यांवर दोन कोट असतात, बहुतेकदा ओले. चैत्राली अजून बोटीत हिरवी होते, पण तिचा तो रंग आता कोलमच्या ओळखीचा झालाय, तो आधीच बादली देतो. बॉयलर दुरुस्त होऊन आला. बिचाऱ्याला भांडी धुण्याचं गरम पाणी करायला ठेवलंय. शनिवारी आल्याचा चहा माझ्यातच होतो, आणि टीपॉट कोपऱ्यात बसून तोंड वाकडं करतो. शाळा सुटली की पोरं घरी पळताना ओरडतात, "येते! येते!" मुलगेही येतेच म्हणतात. शोभनाबाई सुधारत बसते, "मेल्या, येतो म्हण, येतो!" पण ऐकतं कोण?

शोभनाबाई दर उन्हाळ्यात येते आणि थंडी पडायच्या आत दापोलीला परतते. निघताना मला वेगळं सांगते. "येते हां गो, काळुबाई." मग पूर्ण हिवाळा मी अर्धी भरलेली असते. समुद्र तिच्या-माझ्यात बराच मोठा आहे, पण रिवाज तो रिवाज.

माझ्या कडीला आता थोडा गंज आलाय, तोटी जराशी गळते. काचेच्या पेटीचं पुन्हा कुणी नाव काढत नाही. मला आगीवर काळं होतच मरायचंय, पाटीखाली चकचकीत होऊन नव्हे.

चला, तुम्हालाही निघायचं असेल. तुम्ही आपल्या घरी, गावी, बेटावर, कुठेही असा. मागे कुणीतरी बसलेलं असतं, दाराकडे कान लावून. निघताना त्याला तेवढे दोन अक्षरांचे बोल देऊन जा. आणि कधी पश्चिमेच्या या वाऱ्यात आलात तर हॉलचं दार ढकला. कडी लावत नाही कुणी. चहा तीनदा विचारतील, तिसऱ्यांदा हो म्हणा.

काय म्हणालात? येता?

ऐकलं हां मी. ब्रीज, अगं ब्रीज, पाणी घाल!